कार्व्हरची शेती कुठे अडली?

मराठी घरांतील पुस्तकांच्या कपाटात 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक हमखास आढळते. वीणा गवाणकर यांनी लिहिलेले हे चरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गुलामीत जन्मलेल्या, पुढे भुईमूग व रताळ्यापासून शेकडो वस्तू तयार करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाची ओळख मराठी वाचकांना झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत लिंडा मॅकमरी या इतिहास संशोधिकेने लिहिलेले कार्व्हर यांचे चरित्रही बाहेर पडले. कार्व्हर यांच्याभोवती जमलेल्या आख्यायिका या चरित्राने एकेक करून तपासल्या. तेव्हापासून कृष्णवर्णीयांचा इतिहास, त्यांचे शिक्षण आणि त्यांची शेती या विषयांवर अमेरिकेतील विद्यापीठांत विपुल संशोधन झाले आहे. त्यातून पुढे आलेला प्रश्न साधा आहे. कार्व्हर यांचे शेतीशास्त्र योग्य होते, ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याची व्यवस्थाही होती. मग ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला, ते शेतकरी गरीबच का राहिले?

'शाश्वत विकास' हा शब्द सरकारी अहवालांपासून शालेय निबंधांपर्यंत सर्वत्र वापरला जात असताना या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

कापसाने खाल्लेली जमीन

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामांच्या श्रमावर कापसाची शेती उभी राहिली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. सुमारे चाळीस लाख माणसे मुक्त झाली. परंतु त्यांच्या हाती जमीन आली नाही. जमीन पूर्वीच्याच मळेवाल्यांकडे राहिली आणि मुक्त झालेली कुटुंबे त्याच जमिनीवर बटईने राबू लागली. मालकाने जमीन, औजारे आणि खेचर द्यायचे, कुळाने घाम गाळायचा आणि पीक निघाल्यावर निम्मे मालकाला द्यायचे, अशी ही पद्धत होती.

वर्षभर पोटाला लागणारे धान्य, कपडे आणि बियाणे गावच्या दुकानदाराकडून उधारीवर येई. या उधारीला तारण असे ते शेतात उभ्या असलेल्या पिकाचे. व्याजाचा दर जबर होता आणि हिशेबाची वही दुकानदाराच्या किंवा मालकाच्या हातात होती. हंगाम संपला की बहुतेकांच्या वाट्याला शिल्लक येण्याऐवजी पुढच्या वर्षावर ढकललेली बाकी येई. दुकानदार उधार देई तो कापसावरच; कारण कापूस बाजारात केव्हाही विकला जाई आणि तो कुळाला खाऊन संपवता येत नसे. त्यामुळे दारापर्यंत कापूस लावला जाऊ लागला. वर्षानुवर्षे एकच पीक घेतल्याने जमिनीतील नत्र संपले, उतारावरची माती पावसाबरोबर वाहून गेली आणि शेतांत घळी पडल्या. १८९६ मध्ये आयोवासारख्या सुपीक मुलखातून कार्व्हर अलाबामातील टस्कीगीला आले, तेव्हा त्यांच्यासमोर ही जमीन होती.

अक्षरबंदीपासून विटांच्या भट्टीपर्यंत

टस्कीगीची संस्था समजून घ्यायची, तर शिक्षणाची पार्श्वभूमी पाहावी लागते. गुलामांनी लिहायला-वाचायला शिकू नये, यासाठी दक्षिणेत कायदे करण्यात आले होते. दक्षिण कॅरोलायनाने १७४० मध्येच गुलामांना लिहिणे शिकवण्यावर बंदी घातली. अलाबामात १८३२ च्या कायद्याने त्यांना अक्षरओळख करून देणाऱ्यास दंडाची तरतूद झाली. यादवी युद्धानंतर चित्र पालटले. १८७० मध्ये कृष्णवर्णीयांतील निरक्षरतेचे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. १९१० मध्ये ते सुमारे ३० टक्क्यांवर आले. अवघ्या चाळीस वर्षांतील हा बदल मोठा होता.

हा बदल उत्तरेकडील दयाळू गोऱ्यांमुळे झाला, असे पूर्वीची अनेक पुस्तके सांगत. जेम्स अँडरसन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही समजूत खोडून काढली. मुक्त झालेल्या माणसांनी स्वतः वर्ग सुरू केले, शिक्षक शोधले आणि पैसे उभे केले, हे त्यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवले. सरकारी कर भरूनही आपल्या मुलांच्या शाळेसाठी त्यांना पुन्हा पदरमोड करावी लागे. अँडरसन यांनी या प्रकाराला दुहेरी कर म्हटले आहे.

टस्कीगीची संस्था ४ जुलै १८८१ रोजी सुरू झाली, त्यामागेही अशीच धडपड होती. लुईस ॲडम्स या पूर्वी गुलाम असलेल्या कारागिराने पुढाकार घेतला, राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला दोन हजार डॉलर मंजूर केले आणि प्रमुख म्हणून बुकर टी. वॉशिंग्टन हे पंचविशीतील शिक्षक आले. तेही गुलामीतच जन्मले होते. इमारतीसाठी विटा विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून विद्यार्थ्यांनीच विटा पाडल्या. तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण ठेवले, असे त्यांच्या आत्मचरित्रात नमूद आहे.

बांधावर गेलेली शाळा

कार्व्हर यांनी टस्कीगीत प्रयोग केंद्र सांभाळले ते तुटपुंज्या पैशांवर. राज्य सरकार या केंद्राला वर्षाला १,५०० डॉलर देत असे. कार्व्हर यांनी ही अडचणच आपल्या संशोधनाचे सूत्र बनवली. गरीब शेतकऱ्याला विकत घ्यावे लागणार नाही, असेच उपाय शोधायचे, हे त्यांनी ठरवले.

रासायनिक खताच्या पिशवीऐवजी जंगलातील पालापाचोळा आणि दलदलीतील काळा गाळ कुजवून खत करावे, उतारावर मातीची धूप रोखावी, कापसानंतर चवळी, भुईमूग यांसारखी शेंगावर्गीय पिके घ्यावीत, असा त्यांचा सल्ला होता. या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र शोषून जमिनीत साठवतात. त्यामुळे पुढच्या पिकाला विकतचे खत कमी लागते, शिवाय घरच्या ताटात प्रथिने येतात. चवळीवर त्यांनी १९०३ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहिली. निकस जमीन पुन्हा कसदार कशी करावी, यावरील पुस्तिका १९०५ मध्ये आली. अशा चाळीसहून अधिक पुस्तिका त्यांनी लिहिल्या. त्यात शेतकऱ्याला कळेल असे पीकशास्त्र असे, शिक्षकाला उपयोगी पडेल अशी माहिती असे आणि गृहिणीसाठी पाककृतीही असत. १९११ मधील एका पुस्तिकेत स्थानिक मातीपासून घराला देण्याचे रंग कसे करावेत, हे सांगितले आहे.

छापील पुस्तिका निरक्षर माणसाच्या उपयोगाची नाही, हेही टस्कीगीने ओळखले. १८९२ पासून तेथे दरवर्षी शेतकऱ्यांची परिषद भरत असे. १९०६ मध्ये 'जेसप वॅगन' ही खेचरांनी ओढायची गाडी तयार झाली. नांगर, बियाणे, लोणी काढण्याची साधने घेऊन ही गाडी खेडोपाडी जाई आणि शेतातच प्रात्यक्षिके दाखवली जात. त्याच वर्षी टस्कीगीचे माजी विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल यांची अमेरिकी कृषी खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी म्हणून नेमणूक झाली. कृषी विस्तार सेवा ही संकल्पना अमेरिकेत देशव्यापी कायद्याने रुजली ती १९१४ मध्ये. टस्कीगीची गाडी त्याच्या आठ वर्षे आधीच रस्त्यावर होती.

भुईमुगाच्या तीनशे वस्तूंचे काय?

कार्व्हर म्हटले की भुईमुगापासूनच्या तीनशे वस्तू आठवतात. संशोधकांनी या यादीची छाननी केली आहे. यादीतील बऱ्याच गोष्टी पाककृती होत्या, काही पूर्वीपासून ठाऊक होत्या आणि व्यापारी तत्त्वावर यशस्वी झालेल्या फारच थोड्या. पीनट बटर कार्व्हर यांनी शोधले, ही समजूतही चुकीची आहे. त्यासंबंधीची पेटंटे त्यांच्या आधी, १८८४ आणि १८९० च्या दशकात इतरांनी घेतलेली आढळतात. कार्व्हर यांच्या नावावर केवळ तीन पेटंटे आहेत आणि ती सौंदर्यप्रसाधने व रंगांशी संबंधित आहेत. १९२१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे भुईमुगाच्या आयात शुल्काबाबत त्यांनी दिलेली साक्ष गाजली आणि 'भुईमुगाचा जादूगार' ही प्रतिमा देशभर पसरली. वर्णभेदाच्या त्या काळात विनम्र, धार्मिक वृत्तीचा आणि राजकारणापासून दूर राहणारा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ गोऱ्या समाजालाही सोयीचा वाटला, असे मॅकमरी यांचे प्रतिपादन आहे.

यामुळे कार्व्हर लहान होतात का? मार्क हर्सी यांनी २०११ मध्ये लिहिलेल्या चरित्राने याचे उत्तर दिले आहे. हर्सी हे पर्यावरणाच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या मते, कार्व्हर यांचे खरे मोठेपण भुईमुगाच्या यादीत नाही. ते प्रसिद्धी मिळण्यापूर्वीच्या दोन दशकांत त्यांनी मातीवर केलेल्या कामात आहे. निसर्गातील प्रत्येक घटक दुसऱ्याशी बांधलेला आहे, टाकाऊ असे काही नसते आणि जमिनीचा कस व माणसाचे आरोग्य या एकाच साखळीतील कड्या आहेत, हा विचार ते विसाव्या शतकाच्या आरंभी मांडत होते. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली ती १९८७ मध्ये. म्हणजे व्याख्या येण्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी अलाबामातील एका दरिद्री काउंटीत त्या विचारावर प्रत्यक्ष प्रयोग झाले होते.

सल्ला पटला, पण...

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. कंपोस्ट खत करायला पैसे लागत नाहीत, पण वेळ आणि श्रम लागतात. त्याचा लाभ दिसायला दोन-चार वर्षे जावी लागतात. बटईदाराचा करार मात्र एका वर्षाचा असे. यंदा जमिनीत गाळ आणि पाला घालून ती सुधारली, तर पुढच्या वर्षी मालक ती दुसऱ्याला देऊ शकत असे किंवा वाटा वाढवून मागू शकत असे. आपण सुधारलेल्या जमिनीचे फळ आपल्यालाच मिळेल, याची शाश्वती नसेल तर माणूस जमीन का सुधारील?

पीक बदलण्याचेही तसेच होते. चवळी आणि रताळी लावावीत, हे कुळाला पटले तरी उधारी कापसावरच मिळत होती. घराभोवती परसबाग करणे, कोंबड्या-डुकरे पाळणे हा कार्व्हर यांचा दुसरा सल्ला. परंतु परसापर्यंत कापूस लावण्याचा आग्रह अनेक मालक धरत. १९१० च्या सुमारास बोंडे पोखरणारा सोंडेचा भुंगा अलाबामात शिरला. आपल्याकडील बोंडअळीपेक्षा ही कीड वेगळी असली, तरी नुकसान तसेच होते. मग काही भागांत शेतकरी भुईमुगाकडे वळले. म्हणजे पिकाची फेरपालट व्हावी यासाठी शास्त्रज्ञाचा सल्ला पुरेसा ठरला नाही. कापूस बुडाल्यावरच सावकाराची पकड थोडी सैल झाली.

दाद मागण्याचा मार्गही बंद होता. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने मतदानासाठी अशा अटी घातल्या, की बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार यादीबाहेर गेले. ज्याला मत नाही त्याच्या कुळहक्काचा कायदा कोण करणार? हर्सी यांच्या विवेचनाचा मथितार्थ हाच आहे. मातीची धूप हा निसर्गाचा प्रश्न वाटत असला, तरी तिची मुळे जमीनमालकी, कर्ज आणि मताधिकार यांत होती. कार्व्हर यांनी या व्यवस्थेवर उघडपणे बोट ठेवले नाही आणि त्यामुळे त्यांच्या कार्यक्रमाला मर्यादा पडल्या.

दोन वाटा

या मर्यादेवरून त्या काळीही वाद झडला होता. शेती, सुतारकाम, गवंडीकाम शिकून आधी आर्थिक पाया भक्कम करावा, राजकीय हक्क मागाहून येतील, अशी बुकर टी. वॉशिंग्टन यांची १८९५ मधील जाहीर भूमिका होती. डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी १९०३ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. दुबॉइस हे हार्वर्डमधून पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. मताधिकार, नागरी समता आणि उच्च शिक्षण यांवाचून मिळवलेली मालमत्ता टिकवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढील संशोधनाने या वादातील दोन्ही बाजूंचे चित्र अधिक गुंतागुंतीचे केले. वॉशिंग्टन यांची कागदपत्रे संपादित करणारे आणि त्यांचे द्विखंडी चरित्र लिहिणारे लुईस हार्लन यांनी दाखवून दिले, की जाहीरपणे सबुरीचा सल्ला देणारे वॉशिंग्टन मताधिकार हिरावणाऱ्या अलाबामाच्या तरतुदींविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याला गुप्तपणे पैसा पुरवत होते. तो खटला १९०३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरला.

विटा आणि वर्गणी

शिक्षणाच्या आघाडीवर मात्र टस्कीगीतून निघालेल्या एका योजनेचा परिणाम आकड्यांत मोजता येतो. 'सिअर्स, रोबक' या कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ मध्ये टस्कीगीला २५ हजार डॉलरची देणगी दिली. त्यातील काही रक्कम वापरून वॉशिंग्टन यांनी परिसरात सहा छोट्या शाळा बांधल्या. हा प्रयोग इतका यशस्वी झाला, की १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. भरपूर उजेड येईल अशा मोठ्या खिडक्यांचे आरंभीचे आराखडे टस्कीगीतच तयार झाले. ते काम रॉबर्ट टेलर या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली चालले.

या शाळांना रोझेनवाल्ड यांचे नाव मिळाले. परंतु खर्चाचा हिशेब वेगळेच सांगतो. एकूण सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर खर्चापैकी रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे ४३ लाखांचा होता. कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी सुमारे ४७ लाख डॉलर दिले, म्हणजे देणगीदारापेक्षा अधिक. उरलेला मोठा भाग सरकारी करातून आला. ज्यांच्याकडे रोख पैसा नव्हता त्यांनी जमीन, लाकूड किंवा अंगमेहनत दिली.

शिकागो येथील फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञ डॅनियल आरनसन आणि भाष्कर मजुमदार यांनी २०११ मध्ये या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या जनगणनेचे तक्ते आणि दुसऱ्या महायुद्धातील सैन्यभरतीच्या नोंदी यांची सांगड घालून त्यांनी निष्कर्ष काढला, की १९१० आणि १९२० च्या दशकांत दक्षिणेतील कृष्णवर्णीयांनी शिक्षणात जी मजल मारली तिचा सुमारे ३० टक्के भाग या शाळांमुळे होता. या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष लक्षणीय आहे. शाळेमुळे उत्तरेकडे स्थलांतर करण्याचे प्रमाण वाढले. शिकलेली मुले शिकागो, डेट्रॉइटच्या वाटेला लागली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. शिक्षणाने माणसांना संधी दिली. परंतु गावातच थांबून ती साधता येईल, अशी परिस्थिती गावात नव्हती.

हातातून निसटलेली जमीन

सर्वच कृष्णवर्णीय शेतकरी बटईदार राहिले, असेही नाही. काटकसरीने पैसा साठवून १९१० पर्यंत सुमारे २ लाख १८ हजार शेतकरी जमिनीचे मालक झाले होते. गुलामगिरी संपल्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत मिळवलेले हे यश थोडेथोडके नव्हते. १९२० मध्ये मालक आणि कुळे मिळून सुमारे ९ लाख २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०२२ च्या कृषी गणनेत ही संख्या पन्नास हजारांहून कमी भरली.

ही घसरण केवळ यंत्रयुगामुळे झाली, असे म्हणता येत नाही. सरकारी कर्जे देताना भेदभाव झाला. हंगाम उलटून गेल्यावर कर्ज मंजूर होण्याचे प्रकार घडले. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने १९८२ मधील अहवालात याची नोंद केली. 'पिगफर्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९९९ मध्ये तडजोड झाली आणि पंधरा हजारांवर शेतकऱ्यांना मिळून सुमारे एक अब्ज डॉलर देण्यात आले. जमीन जाण्याचा आणखी एक मार्ग वारसाहक्काचा होता. वकील परवडत नसल्याने किंवा न्यायालयावर विश्वास नसल्याने अनेक कुटुंबांत मृत्युपत्र केले जात नसे. जमीन सर्व वारसांच्या सामाईक नावावर राही. मग एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेऊन त्रयस्थ व्यक्ती वाटणीचा दावा लावी आणि सगळी जमीन लिलावात निघे. शिवाय अशा सामाईक जमिनीवर बँक कर्ज देत नसे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने १९२० ते १९९७ या काळात कृष्णवर्णीयांनी गमावलेल्या शेतजमिनीचे मूल्य आजच्या हिशेबात सुमारे ३२६ अब्ज डॉलर इतके काढले आहे.

शेती, जमीन आणि मत यांचे नाते मिसिसिपीतील फॅनी लू हेमर यांनी अनुभवातून ओळखले होते. बटईदाराच्या घरातील विसावे अपत्य असलेल्या हेमर १९६२ मध्ये मतदार नोंदणीसाठी गेल्या, तेव्हा त्यांना मळ्यावरील काम आणि घर दोन्ही सोडावे लागले. १९६९ मध्ये त्यांनी 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती सुरू केली. मत मागितले म्हणून जिला उपाशी ठेवता येणार नाही, अशी वस्ती उभी करणे हा त्यामागचा हेतू होता. पैशांअभावी ही सहकारी संस्था १९७० च्या दशकातच बंद पडली. परंतु समाजशास्त्रज्ञ मोनिका व्हाइट यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात वॉशिंग्टन, कार्व्हर, दुबॉइस यांच्यापासून हेमर यांच्यापर्यंत आणि तेथून आजच्या डेट्रॉइटमधील शहरी शेतीपर्यंत एक सलग परंपरा दाखवली आहे.

इतिहास लिहिणारे हात

हा सारा इतिहास आपोआप उपलब्ध झालेला नाही. तो जपण्यासाठी संस्था उभारावी लागली आणि ते काम कार्टर वुडसन यांनी केले. गुलामीतून मुक्त झालेल्या आई-वडिलांचा हा मुलगा कोळशाच्या खाणीत राबला, उशिरा शाळेत गेला आणि १९१२ मध्ये हार्वर्डचा डॉक्टर झाला. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे मानणाऱ्या विद्यापीठीय जगाला उत्तर म्हणून त्यांनी १९१५ मध्ये संशोधन संस्था आणि १९१६ मध्ये नियतकालिक सुरू केले. १९२६ पासून त्यांनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इतिहास सप्ताह पाळण्याची प्रथा पाडली. १९७६ पासून त्याचा महिना झाला. १९३३ मधील आपल्या ग्रंथात वुडसन यांनी म्हटले होते, की ज्या शिक्षणात विद्यार्थ्याला स्वतःच्या समाजाबद्दल तुच्छताच शिकवली जाते, ते शिक्षण त्याला त्या समाजाच्या उपयोगी पडू देत नाही.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा धागा 'एक होता कार्व्हर'च्या शतकभर आधी जुळलेला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. टस्कीगीची शाळा सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, फुले यांनी हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली आणि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याचे अज्ञान, कर्ज आणि जमिनीची दुरवस्था यांचा एकत्र विचार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये दुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाबाबत माहिती मागवली होती. दोन्ही ठिकाणच्या विचारवंतांना परस्परांच्या प्रश्नातील साम्य दिसत होते.

कार्व्हर ५ जानेवारी १९४३ रोजी निवर्तले. त्यांनी आयुष्यभराची बचत टस्कीगीतील संशोधनासाठी दिली. त्यांच्या चरित्रातून घ्यायची प्रेरणा संशोधकांच्या छाननीमुळे उणावत नाही. मात्र कार्व्हर यांच्या पुस्तिका वाचून खत कुजवणारा, चवळी पेरणारा आणि तरीही डिसेंबरात दुकानदाराच्या वहीपुढे उभा राहणारा जो निनावी बटईदार होता, त्याचेही चरित्र आता या संशोधनातून हाती येऊ लागले आहे. जमिनीचा कस वाढवण्याच्या कोणत्याही योजनेचे यश मोजताना ती जमीन पुढच्या वर्षी कोणाच्या हाती असेल, हे आधी विचारावे लागते, असे त्याचे आयुष्य सांगते.